आधी उत्तरेकडे

सेनकची व्हॅन नवी नव्हती, पण ती त्याची होती, आणि तेवढ्यावर तो महिनाभर हवेत होता. रुपेरी रंग, सरकतं दार, मागच्या काचेवर आधीच्या मालकाने चिकटवलेला मोर. तो मोर खरवडून काढायला गेला तेव्हा नेमकी मानच निघाली आणि बाकीचा पक्षी काचेवर राहिला. बायको दिलहानीने आसनांना खोळी शिवल्या, त्याही एकदा उसवून पुन्हा शिवल्या, कारण सेनकला पहिला रंग पाहुण्यांसाठी भडक वाटला. गाडी सकाळी धुवायची, संध्याकाळी पुसायची आणि अधेमधे नुसतंच जाऊन तिच्यात बसायचं, असा त्याचा दिनक्रम झाला होता. कुरुनेगलजवळच्या त्या गावात गाड्या काही कमी नव्हत्या, पण गाडी घेतल्यावर माणूस असा येडावतो हे गावाने बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

त्याचंही खरं होतं. बारा वर्षं तो नेगोंबोच्या व्हिक्टर मुदलालीच्या गाड्या चालवत होता. मुदलाली म्हणजे शेठ. शेठकडे परदेशी पाहुणे यायचे, शेठ त्यांना गाडी आणि ड्रायव्हर जोडून द्यायचा आणि सेनक त्यांना सिगिरियाचा खडक, कँडीचं मंदिर, डोंगरातले चहाचे मळे आणि खालचा समुद्र असं सगळं बेट फिरवून आणायचा. पाहुणे जाताना मिठी मारायचे, फोटो काढायचे, पुन्हा येऊ म्हणायचे. ते बोलणं कोणी मनावर घेत नसे. विमानतळावर माणूस काय वाटेल ते बोलतो.

इर्या मात्र तशी नव्हती. इर्या आणि तिची धाकटी बहीण मार्याता, दोघी फिनलंडच्या, चार वर्षांपूर्वी सेनकच्या गाडीत होत्या. इर्या तिकडे आगगाडीच्या स्टेशनवर मास्तर होती, आता निवृत्त. दिवसभरात दहा वाक्यं बोलायची आणि त्यातली चार वेळेबद्दल असायची. जाताना तिने मिठीबिठी मारली नाही. म्हणाली, तू स्वतःची गाडी घे, मग आम्ही परत येऊ. सेनकने मान हलवली आणि विसरून गेला. पण मार्चमध्ये व्हॅन घेतली तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोटो गेले, त्यात एक फोटो फिनलंडलाही गेला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की तिकिटं काढली आहेत आणि गाडी आमच्यासाठी राखून ठेव.

सेनकने तो निरोप दिलहानीला वाचून दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, दुकानात जाऊन परत वाचला. मधे शेठ नाही, कंपनी नाही. कोणीतरी अर्ध्या जगापलीकडून फक्त त्याची गाडी भाड्याने घ्यायला येत होतं. तारीख त्याने सगळ्यात शेवटी पाहिली. चौदा एप्रिल, रविवार.

चौदा एप्रिल हा त्या बेटावर नव्या वर्षाचा दिवस. आणि नवं वर्ष तिथे घड्याळ पाहून येत नाही, मुहूर्त पाहून येतं. चूल कधी पेटवायची, पहिला घास कुठे तोंड करून घ्यायचा, डोक्याला तेल कधी लावायचं आणि कामासाठी घराबाहेर पहिलं पाऊल कधी टाकायचं, सगळं ठरलेलं. यंदा कामाला निघायचा मुहूर्त गुरुवारी सकाळी होता, उत्तरेकडे तोंड करून.

सेनकच्या आईचं नाव हीन मेणिके. सगळं घर तिला अम्मा म्हणायचं. ती खवणीवर बसून नारळ खवत होती तेव्हा सेनकने विषय काढला, आणि तिने खवणं न थांबवता विषय मिटवला. नवी गाडी, नवा धंदा, मुहूर्ताच्या आधी निघायचं नाही.

"मग त्यांना गुरुवारपर्यंत विमानतळावर बसवून ठेवू?" सेनक म्हणाला.

"माझं काय जातंय, कुठेही बसव."

"अम्मा, बारा वर्षं मी कधी मुहूर्त पाळलाय? प्रत्येक वर्षी रस्त्यावरच असायचो. तेव्हा काही बोलली नाहीस."

आता मात्र खवणं थांबलं. "तुझा बाप शेठच्या बापाचा ट्रक चालवायचा. हाक आली की जेवण टाकून निघायचा. तूही तेच केलंस. मी बोलले नाही, कारण गाडी त्यांची होती. आता गाडी तुझी आहे ना? मग वेळ पण तुझी असू दे. नाहीतर नुसते पत्रे विकत घेतलेस."

हे सेनकला लागलं, कारण ते बरोबर होतं. पण दुसरी बाजूही तितकीच बरोबर होती. पहिल्याच गिऱ्हाइकाला विमानतळावर ताटकळत ठेवलं, तर त्या दोघी जुन्या सवयीने शेठच्या कंपनीला फोन करणार आणि शेठ हसत हसत गाडी पाठवणार. मग सेनकने गाडी का घेतली, हे तो कोणाला सांगणार होता? आणि अम्माच्या पाया न पडता, तिचा हात डोक्यावर न घेता पहिल्या फेरीला निघावं, तर सगळी वाट त्याचं लक्ष आरशातून मागेच राहणार. पहिली फेरी हवी होती आणि आशीर्वादही हवा होता. दोन्हींतलं एक सोडायची त्याची तयारी नव्हती.

माणूस असा कोंडीत सापडला की तोंडाला येईल ते बोलतो.

"कामाला कोण चाललंय?" तो म्हणाला. "मी नातेवाइकांना आणायला चाललोय."

अम्माने त्याच्याकडे पाहिलं. "कोणते नातेवाईक?"

"फिनलंडचे."

"कोणाकडून?"

"तुझ्याकडून," सेनक म्हणाला.

आत दिलहानीला ठसका लागला. अम्मा मात्र गंभीर होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि निवाडा दिला. नातेवाइकांना आणणं हे काम नव्हे, त्याला मुहूर्त लागत नाही, तेव्हा सेनकने खुशाल जावं. "पण त्यांना घरी घेऊन यायचं. माझ्या माहेरची माणसं वर्षाच्या दिवशी माझ्या दारात न येता परस्पर डोंगर बघायला गेली, तर लोक मला काय म्हणतील? आणि गुरुवारपर्यंत त्या इथे राहतील. पाहुणचार झाल्याशिवाय कोण जातं?"

सेनकने स्वतःहून खड्डा खणला होता, अम्माने त्यात पायऱ्या करून दिल्या.

नव्या वर्षाच्या दुपारी रस्ते ओस पडलेले असतात. फक्त फटाक्यांचा कचरा आणि घराघरांतून रबान, म्हणजे मोठा डफ, बडवणाऱ्या बायकांचा ठेका. सेनकने नवा सदरा घातला होता आणि गाडी इतकी धुतली होती की बिनमानेचा मोरही चमकत होता. सगळ्या वाटेने तो इंग्रजी वाक्यं जुळवत होता. "यू आर माय मदर्स सिस्टर." नाही, असं एकदम म्हटलं तर बायका पोलिसांना बोलावतील. पण मनात मात्र आनंदाच्या गुदगुल्या होत होत्या. बारा वर्षं तो विमानतळाच्या दाराशी शेठच्या नावाची पाटी धरून उभा राहिला होता. आज त्याच्या हातात पाटी नव्हती. त्याला शोधत येणारी माणसं त्याला ओळखत होती.

इर्या बाहेर आली ती दोरीने हनुवटीखाली बांधलेली टोपी घालूनच. तिने आधी घड्याळ पाहिलं, मग सेनककडे, मग त्याचा हात एकदाच घट्ट हलवला. मागून मार्याता आली, गळ्यात दोन कॅमेरे, आणि नमस्कार करायच्या आधी म्हणाली, "व्हेल."

मागच्या वेळी समुद्र खवळलेला होता आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावरून बोट निघालीच नव्हती. तेव्हापासून मार्याताच्या मनात तो निळा व्हेल मासा राहून गेला होता. व्हेलचा हंगाम आता संपत आला होता. तिने सगळं वाचून ठेवलं होतं. शनिवारपासून वारा उलटणार आणि बोटी बंद होणार. म्हणजे शुक्रवारपर्यंत काय ते. उद्या समुद्रावर जायचं, असं तिने गाडीत बसता बसता ठरवून टाकलं.

सेनकने गाडी कडेला घेतली. सांगायचं ते आत्ताच सांगितलं पाहिजे होतं. त्याने सांगितलं, अडखळत, हातवारे करत, आरशातून दोघींकडे बघत: नवं वर्ष आहे, मुहूर्त आहे, गुरुवारपर्यंत आपण कामाला निघू शकत नाही, तोपर्यंत तुम्ही माझ्या आईच्या बहिणी आहात, आमच्याकडे राहा, पैसे नकोत. मार्याताला वाटलं याचं इंग्रजी आणखी बिघडलंय. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं तेव्हा तिने बहिणीकडे पाहिलं.

"तुझ्या आईला हे माहीत आहे?" इर्याने विचारलं.

"तिनेच ठरवलंय."

इर्या म्हणाली, आणखी एक बहीण आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, तर एकदा भेटून तरी येऊ.

अम्मा फाटकातच उभी होती. सगळी गल्ली उभी होती म्हणा ना, पण अम्मा पुढे. आता नुसतं या-बसा म्हणून भागत नाही. तिथे माणसाला हाक मारायची तर नातं लागतं, आणि नातं ठरवायचं तर वय लागतं. अम्माने दिलहानीकरवी इर्याचं वय विचारलं, ते आपल्याहून जास्त निघाल्यावर हातातल्या विड्याच्या पानांची जुडी पुढे केली आणि तिच्या पायाशी वाकली. "अक्का, या."

इर्याला आयुष्यात कोणी वाकून नमस्कार केला नसावा. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली, पानं छातीशी धरून, आणि तिचे कान लाल झाले. मार्याता अम्माहून लहान निघाली, तिची गणना धाकट्या बहिणीत झाली. सेनक सवयीने म्हणाला, "मॅडम, चहा घेणार?" तर अम्माने त्याला सगळ्या गल्लीदेखत झापलं. "मॅडम काय? माझी अक्का तुझी कोण?"

"लोकू अम्मा," सेनक पुटपुटला. म्हणजे थोरली आई.

"मग तसं म्हण."

सोमवार गेला, मंगळवार गेला. इर्या घरात अशी रुळली की तिच्यासाठीच कोणीतरी ते घर बांधलंय असं वाटावं. तिला खवणीवर बसता येईना, तर तिने खुर्चीवर खवणी ठेवून नारळ खवला आणि अम्माने त्या नारळाचा भात सगळ्या गल्लीत वाटताना अक्काच्या हातचा म्हणून सांगितलं. मैदानावर खेळ होते. आडव्या वाशावर बसून उशांनी मारामारी करायची आणि समोरच्याला पाडायचं. इर्याने पोस्टमास्तरला पाडलं आणि स्वतःही पडली, आणि पडल्या पडल्या हसली, तेव्हा मार्याता म्हणाली की हिचा हसण्याचा आवाज मी आईच्या साठाव्या वाढदिवसानंतर आज ऐकतेय.

पण मार्याताचं मन कशात नव्हतं. ती दर तासाला फोनमध्ये वाऱ्याचा अंदाज बघायची. सेनक तिला बघायचा आणि नजर चोरायचा. तिचं काही चुकत नव्हतं. एवढ्या लांबून एक मासा बघायला आलेली बाई उशांची मारामारी बघत बसली होती.

बुधवारी सकाळी अम्मा सगळ्यांच्या डोक्याला तेल लावत होती. सेनक आंघोळीला निघाला होता. तेवढ्यात फाटकाशी पांढरी, गारेगार, काळ्या काचांची गाडी येऊन थांबली. दारावर नेगोंबोच्या शेठचं नाव. स्टिअरिंगवर पलिता होता, सेनकच्या हाताखाली शिकलेला पोरगेला ड्रायव्हर. त्याने मान खाली घालून सांगितलं की मार्यातामॅडमनी कंपनीला फोन केला होता. शेठ म्हणाले, पाहुण्यांना घेऊन थेट समुद्रावर जा.

मार्याता आधीच पायात बूट घालत होती. ती सेनकजवळ येऊन म्हणाली, मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, फक्त दोन दिवसांसाठी गाडी घेतेय, मग परत तुझ्याबरोबर. सेनक म्हणाला, हरकत नाही. तोंडाने म्हणाला. कानात मात्र शेठचं हसणं ऐकू येत होतं. फाटकातून सगळी गल्ली बघत होती की सेनकचे पाहुणे शेठची गाडी घेऊन जातायत.

तो तसाच आत गेला. तेलाने डोकं माखलेलं, खांद्यावर पंचा. खुंटीवरची किल्ली त्याने काढली. गेला मुहूर्त खड्ड्यात. पत्रे तर पत्रे, पण पहिली फेरी माझी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अम्मा दारात होती. ती उंबऱ्यावरून बाजूला झाली आणि तिने त्याला जायला जागा करून दिली. अडवलं असतं तर बरं झालं असतं. सेनकचा पाय उंबऱ्याशी अडखळला.

बाहेर पायरीवर इर्या बसली होती, तिच्याही डोक्यावर तेल. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"ती किल्ली कशाला?"

"लोकू अम्मा, आपण निघू. आत्ताच निघू. समुद्रावर."

"आज कुठला वार?"

"बुधवार."

इर्या उठून उभी राहिली. तिचं इंग्रजी साधंच होतं, पण ती सावकाश बोलली म्हणून सेनकला शब्दन् शब्द कळला.

"मी आयुष्यभर स्टेशनवर होते. गाडी उशिरा सुटली तर लोक चार शिव्या देतात आणि विसरतात. पण वेळेच्या आधी सोडली, तर मास्तरची नोकरी जाते. का, माहिताय? कारण कोणीतरी त्या गाडीच्या भरवशावर घरून निघालेलं असतं. ते फलाटावर येतं आणि गाडी नसते. तुझी गाडी गुरुवारची आहे. तुझी आई गुरुवारच्या भरवशावर उभी आहे. किल्ली ठेव."

मग ती फाटकाशी गेली आणि बहिणीशी बोलली. त्यांच्या भाषेत, अगदी हळू आवाजात, फार तर तीन वाक्यं. गल्लीतल्या कोणाला अक्षर कळलं नाही, पण अम्मा दिलहानीला म्हणाली, "थोरली रागावली." मार्याता पांढऱ्या गाडीत जाऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

आता सगळं पलितावर होतं. त्याने स्टिअरिंगला हात घातला. तेवढ्यात अम्मा ताट घेऊन त्याच्या खिडकीशी आली. ताटात किरीबत, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या वड्या, शिवाय तळलेले गोड कावुम आणि केळी. दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, मग तो शेठचा का असेना.

"पुता, खाऊन जा," अम्मा म्हणाली, आणि मग तिने सहज विचारलं, "तू घरून मुहूर्ताने निघालास का रे?"

पलिताने गाडी बंद केली. "नाही अम्मा. वर्षाच्या आदल्या दिवसापासून रस्त्यावरच आहे. आई फोनवर म्हणाली, पहिला घास तुझ्या नावाने पानात काढून ठेवलाय."

"मग उतर."

तो उतरला. ताट पुसून खाल्लं आणि मग म्हणाला की माझं घर इथून तासाभरावर आहे. सेनकला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. बारा वर्षं तो चेहरा त्याने गाडीच्या आरशात पाहिला होता. पलिताने बाजूला जाऊन शेठला फोन लावला. पाहुण्या त्यांच्या बहिणीकडे आल्यायत, म्हणाला, गुरुवारच्या आधी हलत नाहीत. पलीकडून शेठचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू आला. फिनलंडच्या बाईची बहीण कुरुनेगलला कुठून आली, असं तो विचारत होता. पलिताने शांतपणे सांगितलं, "मोठी बहीण आहे, शेठ. म्हणजे ही मोठी, ती धाकटी. पाया पडताना मीच बघितलं." पाया पडताना त्याने काहीही बघितलं नव्हतं, पण पोटात किरीबत असलं की माणूस साक्ष देतो.

मार्याता बंद गाडीत एकटीच बसून होती. मग तीही उतरली, कारण गाडी बंद म्हणजे गारवाही बंद. घामाघूम होऊन सेनकपुढे उभी राहिली. शुक्रवारी मासा दिसला नाही, म्हणाली, तर परतीच्या विमानापर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. सेनक म्हणाला, चालेल. मग तिला हसू आलं, आणि अम्माने तिच्याही डोक्यावर तेलाची वाटी रिकामी केली. पलिता रिकामी गाडी घेऊन आपल्या आईकडे निघाला.

रात्री सेनकला झोप अशी लागलीच नाही. उजाडलं ते कोकिळेच्या ओरडण्याने. दिलहानीने गाडीला झेंडूची माळ घातली. सामान चढलं. इर्या सगळ्यांच्या आधी जाऊन आपल्या जागेवर बसली होती, टोपी बांधून, डोळे घड्याळावर. स्टेशन कोणतंही असो, ती आपल्या कामावर हजर होती.

सेनकने किरीबतचा तुकडा तोंडात घेतला. विड्याची पानं अम्माच्या हातात दिली आणि गुडघे टेकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. अम्माचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

"जाऊन ये," ती म्हणाली. एवढंच.

तो गाडीत बसला. शेजारच्या घरातला रेडिओ मोठ्याने चालू होता, त्यावर भिक्खूंचा मंत्रपाठ. फाटक अजून बंद. किल्लीवर हात, छातीत रबानचा ठेका. मग रेडिओवर शंख वाजला, कुठेतरी फटाक्यांची माळ उडाली आणि इर्या मागून म्हणाली, "आता."

दिलहानीने फाटक उघडलं. आणि सेनक बघतच राहिला.

गल्लीतलं प्रत्येक फाटक त्याच क्षणी उघडलं होतं. पोस्टमास्तर सायकल घेऊन बाहेर पडत होते. शाळेच्या बाई छत्री घेऊन. समोरचा तीनचाकीवाला, भाजीवाली, बँकेतली मुलगी, गवंडी, झाडून सगळे नव्या कपड्यांत, डोक्याला तेल, तोंड उत्तरेकडे. एका वेळी सगळं गाव कामाला निघत होतं. लहानपणानंतर त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. दरवर्षी या वेळी तो कुठल्यातरी डोंगरात दुसऱ्यांच्या पाहुण्यांना धबधबा दाखवत असायचा. आणि दरवर्षी अम्मा या फाटकात उभी राहून दुसऱ्यांच्या घरची माणसं निघताना बघायची. तिच्या घरातून कोणी निघायचंच नाही. हे त्याच्या आज लक्षात आलं, आणि डोळे असे भरले की समोरचा पोस्टमास्तर दिसेना.

"सिग्नल पडलाय," इर्या म्हणाली.

व्हॅन बाहेर पडली, उत्तरेकडे वळली. मार्याता कॅमेरे सावरत होती, तिने मान वर केली. समुद्र दक्षिणेला आहे ना?

"हो," सेनक नाक पुसत म्हणाला. "आधी आपल्या वाटेने, मग समुद्राच्या."

आता गंमत अशी की पोस्ट दक्षिणेला होतं. शाळाही दक्षिणेला, बँकही, बाजारही. उत्तरेला नुसती भातशेती होती आणि एक मोरी. मुहूर्त उत्तरेचा म्हणून सगळं गाव मोरीपर्यंत गेलं आणि मोरीवर येऊन सगळं गाव एकदम मागे वळायला लागलं. सायकली, तीनचाक्या, छत्र्या, आणि मधोमध सेनकची रुपेरी व्हॅन, आडवी. असा गोंधळ झाला की बोलायची सोय नाही. तीनचाकीवाला ओरडत होता, बँकेतली मुलगी हसत होती. शेवटी इर्या गाडीतून उतरली, मोरीच्या कठड्याशी उभी राहिली आणि हात वर करून एकेकाला सोडायला लागली: आधी सायकली, मग छत्र्या, मग चाकं. कोणी तिला विचारलं नाही की तू कोण. सेनकच्या घरची थोरली आई आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी मोकळी झाली आणि दक्षिणेकडे सुटली. गल्लीतून परत जाताना सेनकने वेग कमी केला. अम्मा अजून फाटकातच होती. पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका तिच्याजवळ थांबल्या होत्या, आणि ती एवढ्या मोठ्याने सांगत होती की गाडीच्या काचा वर असत्या तरी ऐकू आलं असतं.

"माझा मुलगा. कामाला चाललाय. स्वतःच्या गाडीने."